सहा हजारांवरून चारशे

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मावशींच्या मुलाने माझ्या टेबलावर हृदयासाठीच्या रक्ततपासणीचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर ६,२४० आणि दुसऱ्यावर ४१०. मधे दोन महिन्यांचं अंतर. मावशी बाहेर बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून तोंडाने श्वास घेत बसल्या होत्या. मुलाचा आवाज रागाचा नव्हता, फसवल्यासारखा होता. "डॉक्टर, चारशे झालं होतं ना? मग हे परत कसं काय?"

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवतो. मावशी म्हणजे कुणी एक बाई नव्हेत. सातारा-सांगलीकडच्या तालुक्याच्या गावात हार्ट फेल्युअरचे जे रुग्ण नेहमी येतात, त्यांच्या कागदांतले तुकडे जुळवून हे प्रकरण लिहिलं आहे. आकडे जुळवलेले आहेत, पण तसेच आकडे रोज दिसतात. तपासण्यांचे निकष मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

शनिवारची दुपार

मावशींचं वय ६६. बारा वर्षांपासून साखर आणि त्याच्याही आधीपासून बीपी. चाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली. घरात गॅस आला तरी भाकरी चुलीवरच. आषाढ संपता संपता खोकला लागला, पाठोपाठ धाप. गावातल्या डॉक्टरांनी छातीतली सूं-सूं ऐकली, चुलीचं ऐकलं आणि दम्याचं औषध सुरू केलं. पंप, वाफ, पाच दिवस अँटिबायोटिक. दिवसा जरा बरं वाटायचं, रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात मुलगा मोटारसायकल बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना घेऊन आला.

त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. पावसाळा, खोकला, धूर आणि छातीत शिट्टी, एवढं समोर असताना मीही आधी फुफ्फुसाकडेच पाहिलं असतं. हृदयाचा डावा कप्पा रक्त पुढे ढकलायला कमी पडला की मागे फुफ्फुसात पाणी तुंबतं, श्वासनलिकांची आतली अस्तरं सुजतात आणि हुबेहूब दम्यासारखी शिट्टी वाजते. जुने डॉक्टर याला हृदयाचा दमाच म्हणायचे.

"मावशी, झोपताना उशा किती घेता?"

"आदी एकच हुती. आता दोन, अन् वर गोधडीची वळकटी. पाठ टेकली की जीव घाबरा हुतो. मग उठून दारात बसती."

या उत्तराला मी बरंच वजन देतो. बाकीचं तपासताना दिसलं. नाडी १०४, बीपी १४८/९०, ऑक्सिजन ९३. मानेची शीर कानाखालपर्यंत फुगलेली. नडगीवर बोट दाबून काढलं की खळगा तसाच. फुफ्फुसांच्या तळाशी ओलसर करकर आणि वर ती शिट्टी. वजन ६१.४ किलो. ईसीजीत छातीच्या पुढच्या भागात जुना झटका येऊन गेल्यासारख्या खुणा होत्या. मावशींना छातीत कधी दुखल्याचं आठवत नव्हतं. साखर जुनी असली की असं होतं. झटका येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही.

हृदय किती आकुंचन पावतं हे टू-डी इकोवर दिसतं. आमच्याकडे इको करणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. तो शनिवार होता.

शहरात बसून जे लिहितात त्यांना हृदयासाठीच्या रक्ततपासणीचं मोल नीट कळत नसावं, असं मला नेहमी वाटतं. जिथे इको दारातच आहे तिथे रक्ताची तपासणी एक जास्तीचा पुरावा असते. जिथे इको तीन दिवसांवर आहे, तिथे हातातला रुग्ण दम्याच्या वाटेवर ठेवायचा की हृदयाच्या, हे त्या एका नळीवर ठरू शकतं. म्हणून एनटी-प्रो-बीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी, पाठवली. पाऊण तासात आकडा आला: ६,२४० पिकोग्रॅम प्रति मिली.

हृदयाने पाठवलेली चिठ्ठी

हृदयाच्या कप्प्यात रक्ताचा दाब वाढला, भिंत ताणली गेली की तिथल्या स्नायूपेशी एक प्रथिन तयार करतात. १०८ अमिनो आम्लांची ती साखळी असते. बाहेर पडताना तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामाचा: मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला सांगतो, रक्तवाहिन्या सैल करतो. हृदयाने स्वतःच स्वतःला दिलेली लघवीची गोळी म्हणा. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रो-बीएनपी. त्याला काही काम नाही. पण त्याची एक सोय आहे, तो टिकतो. बीएनपी रक्तात वीसेक मिनिटांत निम्मा होतो, तर एनटी-प्रोला एक ते दोन तास लागतात. नळीतही तो जास्त वेळ शाबूत राहतो. बीएनपीसाठी नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) प्लास्टिकच्या नळीत घेऊन लवकर तपासावा लागतो, नाहीतर आकडा आपोआप उतरतो.

हे दोन तुकडे एकाच साखळीतून निघतात, दोघांचंही एकक पिकोग्रॅम प्रति मिली हेच, नावंही सख्ख्या भावांसारखी. पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

एनटी-प्रो-बीएनपी ३०० च्या खाली असेल तर अचानक आलेली धाप हार्ट फेल्युअरमुळे असण्याची शक्यता फार कमी, मग वय काहीही असो. निदानाच्या बाजूने मात्र वय पाहावं लागतं. पन्नाशीच्या आत ४५० च्या वर, ५० ते ७५ मध्ये ९०० च्या वर, त्यापुढे १,८०० च्या वर. मावशी मधल्या गटात, आणि आकडा ९०० च्या सातपट. बीएनपीला मात्र १०० ही एकच रेघ पुरते. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, धाप लागून कॅज्युअल्टीत आलेल्या १,५८६ रुग्णांच्या अभ्यासातून पक्की झाली.

तरी नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. मूत्रपिंड मंद असेल, हृदयाची लय अनियमित असेल, फुफ्फुसात गुठळी असेल, मोठा जंतुसंसर्ग असेल तर हृदय फारसं बिघडलेलं नसताना आकडा चढतो. उलट अंगाने स्थूल असलेल्यांत हृदय थकलेलं असूनही आकडा कमी दिसतो. शंभर किलोच्या माणसाच्या 'नॉर्मल' रिपोर्टवर मी निर्धास्त झोपत नाही. मावशींचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, १.४ होतं, म्हणजे थोडी भर मूत्रपिंडाची होतीच. पण उशा, मानेची शीर, पायाचा खळगा आणि ६,२४० हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

उरलेल्या नळ्यांतूनही काही ना काही निघालंच. सोडियम १३२, म्हणजे पाणी साचून पातळ झालेलं. पोटॅशियम ४.६. थायरॉइड ठीक. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.६. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, थोडं वर, पण तीन तासांनी पुन्हा केलं तरी तिथेच, म्हणजे नवा झटका नव्हता. हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६४. या फेरिटिनवर प्रयोगशाळेने 'नॉर्मल' छापलं होतं. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र १०० च्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरताच धरतात, आणि तोंडावाटे दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी या रुग्णांना फारसा उपयोग होत नाही. शिरेतून द्यावं लागतं. छापलेली मर्यादा निरोगी माणसासाठी असते, हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसतं.

मंगळवारी इको झाला. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं जितकं रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण, ३२ टक्के. पुढची भिंत जवळजवळ हलत नव्हती.

'हार्टफेल' हा शब्द

मुलाला सांगताना मी चुकलो. "तुमच्या आईला हार्ट फेल्युअर आहे" असं म्हणालो आणि तो मटकन खाली बसला. आपल्याकडे 'हार्टफेल झाला' म्हणजे माणूस गेला. वर्तमानपत्रातही तसंच छापतात. हृदय बंद पडलेलं नाही, कमजोर पडलंय, मागे पाणी तुंबतंय, असं म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला.

रात्री त्याने मोबाइलवर वाचलं आणि सकाळी दारातच अडवलं. "बीएनपीतला बी म्हणजे ब्रेन असं दिसतंय. आईच्या मेंदूलाही काही झालंय का?"

नाव खरंच तसं आहे. १९८१ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथे आदोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी आणि तिच्यातलं मीठ भराभर वाढलं. हृदय नुसता पंप नाही, ते संप्रेरकही सोडतं, हे तेव्हा कळलं. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना तशाच जातीचं एक प्रथिन डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याला मेंदूचं नाव पडलं. ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं हे मागाहून समजलं, तोवर नाव चिकटून बसलं होतं. हे ऐकून मुलगा पहिल्यांदा हसला.

सुट्टी, आणि शहाळं

पाच दिवस शिरेतून लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, दिलं. वजन ५६.६ वर आलं, जवळजवळ पाच किलो पाणी गेलं. घरी सोडताना एनटी-प्रो पुन्हा पाहिलं: ३,१५०. आलं तेव्हाच्या निम्मं. दाखल झाल्यापासून सुट्टीपर्यंत आकडा ३० टक्क्यांहून जास्त उतरला तर पुढचे महिने बरे जातात, असा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. त्याहून कमी उतरला असेल तर पायाची सूज गेलेली दिसली तरी मी एक दिवस थांबवून घेतो.

औषधं चार खांबांची: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन. शिवाय लॅसिक्सची गोळी, ॲस्पिरिन, स्टॅटिन. यातलं पहिलं औषध काही वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घराला झेपणारं नव्हतं. २०२३ पासून जेनेरिक आल्यावर किंमत उतरली. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी अँजिओग्राफी झाली, जुनी बंद पडलेली रक्तवाहिनी सापडली आणि तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी औषधांवरच ठेवायचं ठरवलं.

दोन आठवड्यांनी रक्त पाहिलं तेव्हा पोटॅशियम ५.६. स्पायरोनोलॅक्टोन आणि वलसार्टन दोन्ही पोटॅशियम वाढवतात, म्हणून ही तपासणी पहिल्या एक-दोन आठवड्यांत चुकवायची नसते. बीएनपी महिनाभर नाही केली तर चालेल, पोटॅशियम-क्रिएटिनिन नाही केलं तर नाही चालणार. ५.६ ला घाबरून औषध बंद करण्याआधी घरात काय खाल्लं जातं ते विचारलं. मुलाने मोठ्या काळजीने 'बीपीवाल्यांचं' कमी सोडियमचं मीठ आणलं होतं आणि रोज सकाळी एक शहाळं. कमी सोडियमच्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियमने भरलेली असते. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. दोन्ही बंद केली, गोळी अर्धी केली, पाच दिवसांनी ४.९. मग गोळी पुन्हा पूर्ण. "मग सैंधव चालेल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. सैंधव म्हणजे बहुतेक साधं मीठच, रंग वेगळा. ते औषध समजून सढळ हाताने घालू नये, इतकंच.

चूक कुणाची

सुट्टीच्या कार्डावर मी लिहिलं होतं: 'बीएनपी, दीड महिन्याने.' बोलताना आम्ही सगळेच असं म्हणतो. एनटी-प्रो-बीएनपी एवढं लांब कोण उच्चारतो? वॉर्डातल्या सिस्टरला ठाऊक, आमच्या लॅबला ठाऊक, की डॉक्टर बीएनपी म्हणतात म्हणजे कोणती.

गौरी-गणपतीला मावशी लेकीकडे गेल्या, दुसऱ्या जिल्ह्यात. दीड महिना तिथेच भरला. जावयाने कार्ड पाहिलं, नमुना घ्यायला माणूस घरी बोलावला, नळी बसने शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. कार्डावर बीएनपी, म्हणून त्यांनी बीएनपीच केली. आली ४१०.

प्रयोगशाळेची यात काडीची चूक नाही. माझ्या अक्षरात जे होतं ते त्यांनी केलं.

फोनवर बातमी घरभर फिरली. सहा हजाराचे चारशे झाले! लेकीने देवापुढे साखर ठेवली. मला कुणी फोन केला नाही, कशाला करतील, आनंदाची बातमी होती. लॅसिक्समुळे मावशींना दर तासाला उठावं लागायचं. बाजारात, लग्नात, एसटीत सगळीकडे अडचण. "आता एवढी कमी झालीय तर ती लगवीची गोळी कशाला?" म्हणून ती त्यांनी सोडली. बाकीच्या गोळ्या मात्र इमानाने चालू होत्या. आणि मग दिवाळी. शेव, चिवडा, चकली, कडबोळी. गोड नको म्हणून मावशी फक्त तिखटामिठाचंच खात होत्या, साखर सांभाळायची म्हणून!

टेबलावरच्या त्या दोन कागदांवर मी बोट ठेवून मुलाला तपासणीचं पूर्ण नाव वाचायला लावलं. त्याने वाचलं, मग दुसऱ्याचं वाचलं, आणि गप्प झाला.

एकाच दिवशी एकाच माणसाचं रक्त दोन्ही तऱ्हेने तपासलं तर एनटी-प्रोचा आकडा बीएनपीच्या कितीतरी पट येतो. किती पट, हे माणसागणिक बदलतं. वय, मूत्रपिंड, लय, औषधं या सगळ्यांवर ते अवलंबून असतं. गुणून-भागून एकाचं दुसरं काढता येत नाही. मैलांतून किलोमीटर काढावेत तसा हा हिशोब नाही. बीएनपीला १०० ची रेघ आहे, म्हणजे ४१० हा उंचच आकडा होता, रेघेच्या चौपट. पण सहा हजाराच्या शेजारी ठेवल्यावर कुणाला तो उंच दिसणार?

यात आणखी एक गाठ आहे. सॅक्युबिट्रिल हे औषध नेप्रिलिसिन नावाच्या एन्झाइमला अडवतं. शरीरातलं बीएनपी मोडणाऱ्यांपैकी हे एन्झाइम एक. ते अडलं की बीएनपी जास्त वेळ टिकतं. औषधाचा फायदा थोडाफार त्यातूनच येतो. म्हणजे या गोळीवर असलेल्या रुग्णाचं हृदय सुधारत असतानाही बीएनपीचा आकडा चढलेला दिसू शकतो. एनटी-प्रोला नेप्रिलिसिन हात लावत नाही, त्यामुळे तो हृदयाच्या ताणाबरोबरच खालीवर होतो. २०१४ मध्ये या औषधाला हार्ट फेल्युअरमध्ये प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पॅराडाइम चाचणीत हेच दिसलं: बीएनपी वर, एनटी-प्रो खाली. तेव्हापासून या गोळीवरच्या रुग्णाचा पाठपुरावा एनटी-प्रोनेच करायचा, असा रिवाज पडला.

म्हणजे मावशींच्या ४१० मध्ये थोडी भर गोळीची असणार. आणि नळी बसमध्ये ऊन खात गेली असेल तर थोडी घट तिचीही. वर ओढणारं एक कारण, खाली ओढणारं एक, आणि खरं काय होतं ते आता कुणालाच काढता येणार नाही. त्या कागदाचा पाठपुराव्यासाठी काहीच उपयोग नव्हता. त्यावरून घेतलेला निर्णय मात्र मावशींच्या फुफ्फुसात उतरला होता.

त्या दिवशी वजन ६०.२. एनटी-प्रो ५,१२०.

कोरडं वजन, कोरडा आकडा

दाखल करावं लागलं नाही. लॅसिक्स पुन्हा सुरू करून चार दिवस दुप्पट दिलं, रोज फोनवर वजन विचारलं, पाचव्या दिवशी पोटॅशियम-क्रिएटिनिन पाहिलं. दहा दिवसांनी ५७ किलो, आणि मावशी एका उशीवर.

इथे मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली माझ्या हाताची: आता कार्डावर तपासणीचं पूर्ण नाव लिहितो आणि खाली, 'हीच, शक्यतो याच लॅबमध्ये.' वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एनटी-प्रोचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. दुसरी त्यांच्या घरातली: नातीच्या जुन्या वहीत रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. वजनकाटा एकदाच घ्यायचा, तपासणीला दर वेळी दीड-दोन हजार जातात. तालुक्याच्या गावात मी वजनाच्या वहीवर जास्त विसंबतो, रक्ताचा आकडा तिची साक्ष काढायला.

मग आकडा कितीदा काढायचा? यावर डॉक्टरांतही एकमत नाही. २०१७ मध्ये गाइड-इट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ८९४ रुग्ण होते. एका गटात एनटी-प्रो १,००० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवून औषधं वाढवायची, दुसऱ्या गटात नेहमीसारखी काळजी. फरक पडेना म्हणून चाचणी मधेच थांबवली. आकड्याचा पाठलाग करून औषध देण्यात विशेष हशील नाही, असा अर्थ लोकांनी काढला. मग २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ आली, १,०७८ रुग्णांची. सुट्टीनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेला न्यायची आणि वारंवार बोलावून तपासायचं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती यांचं प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आलं. तिथेही एनटी-प्रो होतं, पण राखणदार म्हणून. सुट्टीच्या वेळेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त चढलं तर बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलच्या जातीचं औषध) वाढवायचं थांबा, लॅसिक्सचा विचार करा, एवढंच काम. मला हाच वापर पटतो. भारतातल्या रुग्णांसाठी तर सुट्टीनंतरचा काळच जास्त धोक्याचा आहे. २०१७ च्या इंटर-सीएचएफ या अनेक देशांच्या अभ्यासात भारतातले २३ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले होते, चीनमधले ७ टक्के. ही दरी रक्ताच्या एका तपासणीने भरून निघणार नाही. गोळ्या पूर्ण मात्रेला न पोहोचणं आणि मधेच सुटणं, या दोन गोष्टी माझ्या ओपीडीत रोज दिसतात.

मावशींची औषधं मार्गशीर्षापर्यंत हळूहळू जवळजवळ पूर्ण मात्रेला गेली. शिरेतून लोह दिलं, हिमोग्लोबिन ११.४ झालं आणि त्या म्हणाल्या की आता विहिरीपर्यंत न थांबता जाता येतं. फुफ्फुसांची फुंकर-तपासणीही करून घेतली. चुलीने थोडं नुकसान केलंच होतं, म्हणजे गावच्या डॉक्टरांचा पंप अगदीच गैरलागू नव्हता. फेब्रुवारीत इको ३९ टक्के. एनटी-प्रो १,८९० वरून १,१४० वर आलं आणि महिन्याने पुन्हा केलं तेव्हा १,१८०.

पाय सुके, उशी एक, वजन ५६.५, आणि ११५० च्या आसपास स्थिरावलेला एनटी-प्रो. हा मावशींचा कोरडा आकडा. पुस्तकातल्या रेघेपेक्षा तो वर आहे आणि बहुधा वरच राहील. पण त्यांच्यासाठी रेघ तीच. रोजच्या जगण्यात हा आकडा २०-२५ टक्के इकडेतिकडे होतच असतो, तेवढ्यावरून औषध हलवायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर नातीने मोठ्या अक्षरात लिहिलं: कोरडं वजन ५६.५, एनटी-प्रो-बीएनपी ११५०. त्याखाली माझा फोन नंबर.

एप्रिलमधला फोन

एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला फोन आला. लेकीच्या गावचं हॉस्पिटल, रात्रपाळीचे तरुण डॉक्टर. मावशींना दोन दिवसांपासून ताप, खोकला, धाप. इको जुना, ३९ टक्के. त्यांनी रक्त काढलं होतं. "सर, बीएनपी १,३१० आलंय. हार्ट फेल्युअर वाटतंय. लॅसिक्स चाळीस शिरेतून देऊ का?"

"कागदावरचं पूर्ण नाव वाचा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "एनटी-प्रो-बीएनपी. सॉरी सर."

"सॉरी नको, मीही तेच म्हणायचो. आज वजन किती?"

"५६.८."

"मानेची शीर?"

थोडा वेळ गेला. ते बहुधा कॉटपाशी जाऊन पाहून आले. "नाही फुगलेली. पायाला सूज नाही. उजव्या बाजूला खाली आवाज येतायत. पांढऱ्या पेशी १५,४०० आहेत."

"त्यांच्याजवळ एक वही असेल, नातीची. पहिलं पान बघा."

पुन्हा शांतता. मग ते म्हणाले, "एक्स-रे करून घेतो सर. अँटिबायोटिक सुरू करतो. लॅसिक्स आहे तेवढंच ठेवतो?"

"तेवढंच. ताप आहे, खात-पीत नसतील तर उद्या क्रिएटिनिन पाहून त्यातूनही कमी करावं लागेल. सलाईन मात्र हात राखून."

एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. चौथ्या दिवशी सुट्टी झाली, त्या दिवशीचं वजन ५६.४. पुढच्या तपासणीला मावशी आल्या तेव्हा वहीत चार दिवसांची पानं कोरी होती. नातीने तिथे फक्त लिहिलं होतं: आजी दवाखान्यात, तिथला काटा वेगळा.